आधी मजकूर, मग माल

१९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे मासिक निघू लागले. ते काढणाऱ्यांचा मूळ धंदा छापखान्याचा नव्हता. लोखंडी नांगर आणि कडबा कापायची यंत्रे बनवणारा तो कारखाना. आपल्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत जावी हा मासिकाचा हेतू होता आणि कारखान्याचे नाव मुखपृष्ठावर ठळक होते. पुढे याच मासिकाने मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांच्या विचारांना वळण दिले.

आज मसाल्याची कंपनी इन्स्टाग्रामवर भरल्या वांग्याची रील टाकते. म्युच्युअल फंडाची कंपनी एसआयपीचे गणित समजावून देते. औषधे-खते विकणारी कंपनी द्राक्षावरचा डाऊनी रोग कसा ओळखावा याचा व्हिडिओ यूट्यूबवर ठेवते. व्हिडिओ संपेपर्यंत कोणी ‘आमचा माल घ्या’ म्हणत नाही, नाव मात्र कोपऱ्यात दिसत राहते. धंद्यातली माणसे याला ‘कंटेंट मार्केटिंग’ म्हणतात. ही रीत इंटरनेटने आणली असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तिची वंशावळ सव्वाशे वर्षांहून जुनी आहे आणि त्या वंशाची एक ठसठशीत शाखा सांगली जिल्ह्यातल्या माळरानावर वाढलेली आहे. आज कोणी आपल्या धंद्याचे नाव ऑनलाइन रुजवू पाहत असेल, तर नवीन ॲप शिकण्याआधी ही वंशावळ पाहणे त्याच्या उपयोगाचे आहे.

नांगरामागून आलेले मासिक

लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकलींचे दुकान चालवत होते. तिथून ते शेतीच्या अवजारांकडे वळले आणि १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर बनवला. शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी भीती होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली, असे किर्लोस्कर घराण्याच्या इतिहासात सांगितले जाते. १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या जागेवर, कुंडलजवळ, किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखान्याला जागा मिळाली, माल तयार होऊ लागला. पण गिऱ्हाइकाच्या मनातली भीती काढायचे काम बाकीच होते.

किंमत मोठ्या अक्षरांत छापून अशी भीती जात नाही. ज्याला नवी वस्तू विकायची आहे, त्याला आधी त्या वस्तूला जागा देणारी समजूत तयार करावी लागते. अमेरिकेत हेच आधी घडले होते. इलिनॉय राज्यातल्या जॉन डिअर नावाच्या लोहाराने १८३७ मध्ये पोलादी नांगर घडवला. त्याच्या नावाने वाढलेल्या कंपनीने १८९५ मध्ये ‘द फरो’ हे शेतकऱ्यांसाठीचे नियतकालिक सुरू केले. ते आजही निघते. त्यात शेतीविषयी, पिकांविषयी, जमिनीच्या मशागतीविषयी मजकूर असे आणि डिअरचे नांगर त्या मजकुराच्या शेजारी असत. नांगर विकणाऱ्या दोन कारखान्यांनी, दोन खंडांत, पंचवीस वर्षांच्या अंतराने नियतकालिके काढावीत, याचे कारण त्यांच्या मालातच होते. नांगर ही एकदा घेऊन वर्षानुवर्षे वापरायची वस्तू. ती घेण्याआधी शेतकरी खूप विचार करतो, शेजाऱ्याला विचारतो. मासिक त्या शेजाऱ्याची जागा घेऊ शकत होते.

‘किर्लोस्कर खबर’ची धुरा लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांच्याकडे होती. मराठी वाचक त्यांना ‘शंवाकि’ म्हणून ओळखतात. शंकररावांचा हात चित्रकाराचा होता आणि दृष्टी संपादकाची. मालाच्या माहितीबरोबर त्यांनी उद्योग, विज्ञान, स्वावलंबन, स्वतःच्या हिमतीवर उभ्या राहिलेल्या माणसांची चरित्रे असा मजकूर द्यायला सुरुवात केली. पुढे नावातले ‘खबर’ गळाले आणि मासिक नुसते ‘किर्लोस्कर’ झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे जन्मली. तिसाव्या दशकात सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मधून प्रसिद्ध झाले आणि त्यांवर वाद झडले.

‘स्त्री’ची वाचक नांगर घेणार नव्हती. पुण्या-मुंबईच्या भाड्याच्या खोलीत ‘किर्लोस्कर’ वाचणाऱ्या कारकुनाला त्याच कारखान्याच्या पंपाची गरज नव्हती. तरीही त्या घरात ‘किर्लोस्कर’ या नावाला अर्थ आला: नवे, बुद्धीला पटणारे, कामसू. कारखान्याच्या नावाला इतका भरीव अर्थ मिळवून देणे कोणत्याही जाहिरातीच्या फलकाला साधले नसते.

टायरवाल्यांचे पुस्तक

किर्लोस्करांचा नांगर घडत होता त्याच सुमारास फ्रान्समध्ये टायर बनवणाऱ्या मिशलँ बंधूंपुढे वेगळी अडचण होती. १९०० साली त्या देशात जेमतेम तीन हजार मोटारी होत्या. टायर झिजायचे तर लोकांनी मोटार बाहेर काढली पाहिजे, लांब गेले पाहिजे. म्हणून त्यांनी प्रवाशांसाठी एक पुस्तक काढले. त्यात नकाशे होते, टायर कसा बदलावा ते होते, पेट्रोल कुठे मिळेल, मुक्काम कुठे करावा, जेवावे कुठे हेही होते. पहिल्या आवृत्तीच्या सुमारे ३५ हजार प्रती फुकट वाटल्या. वीस वर्षांनी, १९२० मध्ये, म्हणजे ‘किर्लोस्कर खबर’ निघाले त्याच साली, मिशलँने पुस्तकाला किंमत लावली. १९२६ पासून त्यात उत्तम खानावळींना तारे मिळू लागले. आज जगातले नामांकित आचारी ज्या ताऱ्यासाठी आयुष्य वेचतात, तो एका टायर कंपनीचा आहे आणि तारा मोजणारे बहुतेक लोक त्या कंपनीचे टायर घेत नाहीत.

स्वयंपाकघरातली शाखा अधिक घरगुती आहे. अमेरिकेत जेल-ओ या जेलीच्या भुकटीचा खप १९०४ पासून वाटलेल्या पाककृतींच्या पुस्तिकांनी वाढवला. भुकटी नवीन होती, तिचे काय करायचे हे गृहिणीला ठाऊक नव्हते. आपल्याकडे प्रेशर कुकर आला तेव्हा हेच करावे लागले. खोक्यात कुकरबरोबर पुस्तिका निघे: डाळीला किती वेळ, राजम्याला किती, पाणी किती. वाफेच्या भांड्याची धास्ती घेणाऱ्या घरांमध्ये त्या पुस्तिकेने कुकर चुलीवर चढवला. अनेक घरांत कुकर बदलले तरी पुस्तिका जपून ठेवलेली असे.

भिंतीवरची शाखाही विसरता येणार नाही. राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. त्यातून देवादिकांची चित्रे घरोघर पोचली. साबणाच्या आणि इतर मालाच्या कंपन्यांनी तीच चित्रे कॅलेंडरांवर छापून वाटली. वर लक्ष्मी किंवा सरस्वती, खाली साबणाचे नाव. वर्ष सरले तरी चित्र कापून चौकटीत बसवले जाई. गिऱ्हाइकाच्या भिंतीवर बारा महिने जागा मिळवायची, तर त्या भिंतीला शोभेल असे काही आधी द्यावे लागते, हे त्या व्यापाऱ्यांना पक्के कळलेले होते.

ब्रँडच्या नावाने ऐकलेली गाणी

नभोवाणी आली तशी मजकुराला आवाज मिळाला. अमेरिकेत १९३३ मध्ये ‘मा पर्किन्स’ ही रोजची श्राव्यमालिका सुरू झाली. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीची ऑक्सिडॉल ही धुण्याची पावडर तिची पुरस्कर्ती होती. दुपारी घरकाम करणाऱ्या बायकांसाठी कथा आणि कथेच्या आगेमागे पावडर. अशा मालिकांना ‘सोप ऑपेरा’ म्हणू लागले. आज दूरचित्रवाणीवर रोज रात्री चालणारी कौटुंबिक मालिका हा त्याच घराण्याचा विस्तार आहे.

भारतात ही वाट श्रीलंकेहून आली. माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या धोरणामुळे १९५२ च्या सुमारास आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. रेडिओ सिलोनने ती पोकळी भरली. त्याच वर्षी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बिनाका ही टूथपेस्ट. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, फिती कोलंबोला जात आणि तिथून अमीन सयानींचा आवाज सगळ्या देशात पोचे. बुधवारी रात्री पानाच्या ठेल्यांवर माणसे जमत. दर आठवड्याला हजारो पत्रे येत. त्या पत्रांतल्या फर्माइशी आणि दुकानांतला तबकड्यांचा खप यांवरून गाण्यांची पायरी ठरे. ‘बिनाका’ हा शब्द कित्येकांनी टूथपेस्टच्या आधी गाण्यांसाठी उच्चारला.

१ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीने मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून जाहिराती घ्यायला सुरुवात केली. दूरदर्शनवर १९७६ मध्ये जाहिराती आल्या. १९८४ मध्ये ‘हम लोग’ मालिकेमागे प्रायोजक म्हणून मॅगी उभी राहिली आणि दोन मिनिटांत होणाऱ्या शेवया तेव्हा कोठे भारतीय घरांत पाय ठेवत होत्या. पुन्हा तोच क्रम: वस्तू नवी, सवय नवी, म्हणून आधी गोष्ट.

क्लिक मोजला गेला, तेव्हा

२७ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतल्या ‘हॉटवायर्ड’ या ऑनलाइन मासिकावर जाहिरातीच्या पट्ट्या झळकल्या. त्यांतली एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची पट्टी आद्य मानली जाते. ती पाहणाऱ्या शंभरांतल्या ४४ जणांनी तिच्यावर क्लिक केले, अशी नोंद वारंवार दिली जाते. क्लिक करणाऱ्याला समोर काय दिसले, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्याला टेलिफोनच्या योजना दिसल्या नाहीत. जगातल्या कलासंग्रहालयांची सफर घडवणाऱ्या दुव्यांचे पान दिसले. इंटरनेटवरच्या पहिल्या पट्टीनेही आधी काहीतरी दिले होते.

पुढच्या काही वर्षांत पट्ट्या वाढल्या, त्यांनी डोळे दिपवले, मग त्रास दिला, आणि शंभरांत एकही क्लिक मिळणे कठीण झाले. लोक पट्टीकडे न पाहायला शिकले. शोधयंत्रे आली तेव्हा मजकुराला पुन्हा भाव आला. २००० मध्ये गूगलने शब्दांवर जाहिराती विकायला सुरुवात केली. शोधाच्या निकालांत फुकट वर यायचे, तर लोक जे विचारतात त्याचे उत्तर आपल्या पानावर हवे, हे धंद्यांनी ओळखले. ब्लॉग लिहिले जाऊ लागले. २००५ मध्ये यूट्यूब आले. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेतल्या ब्लेंडटेक या मिक्सर बनवणाऱ्या कंपनीने अवघ्या पन्नास डॉलरांच्या सामानात पहिले व्हिडिओ काढले. मालक टॉम डिक्सन गोट्या, बागेतला दाताळा, पुढे आयफोन मिक्सरमध्ये घालत आणि भुगा करून दाखवत. मिक्सर कधीच न घेणाऱ्या लाखो लोकांनी ते पाहिले.

मासिक काढायला कारखाना लागत होता, व्हिडिओला पन्नास डॉलर पुरले. हा बदल मोठाच. त्याहून खोल बदल मोजणीचा होता. सावरकरांचा निबंध वाचून किती जणांनी पंप घेतला, हे शंकररावांना कधीच कळणार नव्हते. कळत नव्हते, म्हणून तो निबंध गाळा असे हिशेबनीसही सांगू शकत नव्हता. जुन्या ब्रँडच्या मजकुराला जे औदार्य होते, त्याला या न-मोजण्याचा आधार होता. इंटरनेटवर प्रत्येक नजर मोजली जाते: किती सेकंद पाहिले, कुठे सोडले, पाहून कोणी खरेदी केली. मग ज्या मजकुराने आज सायंकाळपर्यंत विक्री झाली नाही तो बंद होतो, आणि ज्याने झाली त्याच्याच शंभर नकला निघतात.

त्याचे फळही दिसले. केवळ शोधयंत्राला भुलवण्यासाठी, कोणाला काही न सांगणारे लेख हजारोंनी पिकवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने ‘पांडा’ हा बदल आणून अशा पानांना खाली ढकलले. २०२२ मध्ये माणसाच्या उपयोगी पडणाऱ्या मजकुराला वर आणण्यासाठी आणखी एक बदल करावा लागला. यंत्राला हे दोनदा शिकवावे लागले, यातच मोजणीची मर्यादा दिसते. नजर मोजता येते. विश्वास साठत जातो तो मोजपट्टीबाहेर.

मिस्ड कॉलपासून रीलपर्यंत

मोजणीच्या या काळातही जुन्या रीतीचे खरे वारसदार निघाले. २०१३ च्या अखेरीस हिंदुस्थान युनिलिव्हरने बिहार-झारखंडात ‘कान खजुरा तेसन’ सुरू केले. तिथल्या अनेक गावांत वीज बेभरवशाची, टीव्ही थोडे, पण साधा मोबाइल बहुतेकांकडे. एका क्रमांकावर मिस्ड कॉल द्यायचा. उलट फोन येई आणि सुमारे पाव तास गाणी, विनोद, गप्पा ऐकू येत, मधे साबण-पावडरच्या जाहिराती. ऐकणाऱ्याला खर्च शून्य. पुढच्या वर्षी कान इथल्या जाहिरात महोत्सवात त्याचा गौरव झाला. ‘बिनाका गीतमाला’ची ही नात साध्या फोनवर वाढली.

२०१४ मध्ये टीव्हीएफची ‘पर्मनंट रूममेट्स’ ही वेबमालिका आली. घर शोधून देणारे कॉमनफ्लोर हे संकेतस्थळ तिचे प्रायोजक होते आणि नायक-नायिका घर शोधत होते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला, आणि मराठी वाचक-प्रेक्षक पहिल्यांदा एवढ्या मोठ्या संख्येने ऑनलाइन पडद्यावर आला. त्याच वर्षी ‘भारतीय डिजिटल पार्टी’ने मराठीत यूट्यूबवर कार्यक्रम सुरू केले. मराठी माणूस स्वतःच्या बोलीतले विनोद पाहायला येतो हे दिसल्यावर ब्रँडही मराठीत बोलायला शिकले.

याच काळात क्रमच उलटला. किर्लोस्करांकडे आधी नांगर होता, मासिक नंतर आले. ‘मधुराज रेसिपी’सारख्या यूट्यूब वाहिनीने आधी वर्षानुवर्षे लाखो घरांना स्वयंपाक शिकवला आणि त्या विश्वासावर पुढे स्वतःचे मसाले आणले. आता वाचक आधी, वस्तू नंतर. छोट्या धंद्याला यात मोठी संधी आहे, कारण विश्वास मिळवायला कारखाना लागत नाही.

नाव उघड हवे

या वंशावळीत एक अट सतत पाळली गेली होती: देणाऱ्याचे नाव समोर असे. किर्लोस्कर मुखपृष्ठावर, बिनाका कार्यक्रमाच्या नावात, साबण लक्ष्मीच्या पायाशी. वाचकाला ठाऊक होते की हे कोण देतो आहे आणि का.

जिथे नाव लपले तिथे कायद्याला यावे लागले. अमेरिकेने १९१२ मध्येच वृत्तपत्रांना पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ असे लिहिणे बंधनकारक केले. भारतात १९८५ मध्ये मुंबईत जाहिरात क्षेत्राने स्वतःवर लक्ष ठेवण्यासाठी ‘ॲस्की’ ही संस्था स्थापली. २०२१ मध्ये तिने समाजमाध्यमांवरच्या प्रभावकांसाठी नियम आणले: पैसे, भेट किंवा फुकट माल घेतला असेल तर ते पाहणाऱ्याला लगेच दिसेल असे सांगा. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. अशा जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२३ मध्ये ॲस्कीने आणखी स्पष्ट केले की आरोग्य आणि पैशाच्या गुंतवणुकीवर सल्ला देणाऱ्याने आपली पात्रताही सांगितली पाहिजे.

ही कडकपणाची वेळ का आली, हे समजून घेतले पाहिजे. मैत्रिणीने सांगावे तशा आवाजात कोणी त्वचेच्या मलमाची शिफारस करते, आणि त्या आवाजामागे करार असतो. ऐकणारी मुलगी जाहिरात ऐकते आहे हे तिला कळत नाही. ती फसते तेव्हा एका मलमावरचाच नव्हे, मराठीत कोणी काही आपुलकीने सांगते या गोष्टीवरचाच तिचा विश्वास उडतो. ते नुकसान इतर सगळ्या प्रामाणिक धंद्यांना भोगावे लागते.

वस्तू न घेणाऱ्याचा हिशेब

या सगळ्या शाखा शेजारी ठेवल्या तर टिकलेल्या मजकुराची एक खूण दिसते. जो वस्तू घेणार नाही त्याच्याही पदरात तो मजकूर काही टाकतो. नांगर न घेणाऱ्याला वाचायला मासिक मिळाले, टायर न घेणाऱ्याला जेवायची जागा सापडली, टूथपेस्ट न घेणाऱ्याला गाणी मिळाली. केवळ घेणाऱ्यासाठीच बनवलेला मजकूर विक्री संपताच संपला.

ही कसोटी आजच्या छोट्या उद्योजकालाही लावता येते. येवल्याचा विणकर पैठणीच्या रंगांची रील टाकू शकतो. पण हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि मागच्या बाजूला सुटे धागे लोंबत असतील तर ती यंत्रावरची आहे, हे त्याने दाखवले, तर त्याच्याकडून कधीच साडी न घेणारी बाईही शहाणी होते. कोकणातला बागायतदार आंब्याच्या पेटीचा भाव सांगू शकतो. पण आढीत पिकलेला आंबा आणि कार्बाइडने पिवळा केलेला आंबा यांतला फरक त्याने समजावला, तर त्याचे नाव ‘खरे सांगणारा’ म्हणून लक्षात राहते. अशा व्हिडिओला पहिल्या आठवड्यात कमी लोक येतील. त्याला ‘बूस्ट’ करायचा मोह होईल, आणि आकडे न दिसल्यास तो काढून टाकायचाही. तो काढू नये. मजकूर मुरायला वेळ लागतो आणि धंद्याचे नाव त्याच वेळात घडते.

हे आता अधिकच निकडीचे आहे. २०२४ पासून गूगल आपल्या शोधात कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तर वरच देते. उत्तर मिळाले की पुष्कळ लोक पुढच्या पानावर जात नाहीत. शोधयंत्राला खूश करण्यापुरता लिहिलेला लेख आता वाचकापर्यंत पोचणारच नाही. ज्याचे नाव घेऊन लोक शोधतात, ज्याच्या वाहिनीवर ते मुद्दाम येतात, तोच उरेल. ते नाव विकत घेता येत नाही. किर्लोस्करांनी ते वर्षानुवर्षे अंकामागून अंक काढून कमावले, ‘मधुराज रेसिपी’ने भाजीमागून भाजी शिकवून. ज्याला आपल्या धंद्याचे नाव टिकवायचे आहे, त्याने दर आठवड्याला स्वतःला इतकेच विचारावे: या वेळी माझ्याकडून काहीही न घेणाऱ्याला मी काय दिले? उत्तर सांगता आले, तर माल आपोआप मागून येतो.